‘मिश्र वंशाचा’ याला चांगला मराठी शब्द कोणता?

विचारणा (राजारामपुरी, कोल्हापूर)

आमच्या भावकीची वंशावळ छापायचं काम सध्या माझ्याकडं आहे. धाकट्या बहिणीचे यजमान ब्राझीलचे. त्यांच्या घरात पोर्तुगीज, आफ्रिकन आणि जपानी असे तिन्हीकडचे पूर्वज. तिकडं मिश्र पूर्वजांच्या लोकांसाठी जनगणनेत ‘पार्दो’ हा रकानाच आहे आणि २०२२ च्या मोजणीत सगळ्यांत जास्त लोक त्यातच निघाले. आपल्या पुस्तिकेत भाचीच्या नावापुढं काय लिहावं? छापखान्यातल्या पोरानं संगणकावर शोधून ‘संकरित वंश’ असं काढून दिलंय. वाचून कसंतरीच झालं. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

दादा, ‘संकरित’ अजिबात छापू नका. गाय संकरित असते, ज्वारीचं बियाणं संकरित असतं, आणि शेतकऱ्याच्या तोंडी तो शब्द चांगलाच आहे. माणसाला लावला की मागं ‘वर्णसंकर’ उभा राहतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन त्याच भीतीनं बोलतो : संकर झाला की कुळ नरकात जातं. एवढं ओझं घेऊन आलेला शब्द पोरीच्या नावाला कशाला चिकटवायचा?

‘मिश्रवंशीय’ वर्तमानपत्रांत दिसतो. त्यात अपमान नाही, पण जीवही नाही. शिवाय अडचण ‘मिश्र’पेक्षा ‘वंश’मध्ये जास्त आहे. संस्कृतात वंश म्हणजे वेळू. पेरावर पेर चढत सरळ वर जाणारा. बाप, आजा, पणजा ही ओळ त्यात छान बसते; आई कुठून आली ते त्यात मावत नाही. आपल्या छापील वंशावळी बघा, लेकीचं नाव आलं की रेघ तिथंच थांबते.

पण मराठीला दुसरी बाजू माहीतच नाही असं मुळीच नाही. ‘बेचाळीस कुळं उद्धरली’ म्हणतो ना आपण? त्यातली एकवीस बापाकडची आणि एकवीस आईकडची, असाच अर्थ जुनी माणसं सांगत आली. भांडणात बेचाळीस पिढ्यांचा उद्धार होतो तेव्हासुद्धा दोन्हीकडच्या धरूनच होतो. आणि ‘आजोळ’! आईच्या माणसांना, घराला, गावाला मिळून एकच शब्द, तोही लाडाचा. आईचं आजोळ ते आपलं पणजोळ. हे शब्द असताना नवा घडवायची गरज मला दिसत नाही.

आपल्या शाहू महाराजांचंच बघा. जन्म कागलच्या घाटग्यांचा, आजोळ मुधोळच्या घोरपड्यांचं, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आणि १८८४ साली दत्तक आले ते भोसल्यांच्या गादीवर. त्यांची ओळख सांगताना कुणी ‘मिश्र’ म्हणत नाही; तिन्ही घरं सांगतो. याच राजानं १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला संस्थानात कायद्याची मान्यता दिली. त्या गावात पुस्तिका निघते आहे, तर तिच्यात शब्दही तसाच उदार असावा असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक (गडहिंग्लज)

आमच्याकडं निम्मी घरं अशीच. आई संकेश्वरकडची, घरात कानडी. वडील इकडचे, मराठी. पोरगं दोन्ही बोलतं. त्याला कुणी नाव ठेवत नाही, फक्त ‘आजोळ कुठलं?’ विचारतात. ‘आईकडनं कानडी’ एवढं सांगितलं की झालं. हे ‘कडनं’ फार कामाचं आहे, दादा. माणसाचे तुकडे न करता वाटा सांगतं. ‘अर्धी अमुक, अर्धी तमुक’ मात्र लिहू नका. पोर पुरीच असते.

आणि घराण्यांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारे हेळवी अजून येत असतील तर त्यांची वही जरूर बघा. छापील पुस्तिकेपेक्षा जुन्या पिढ्या तिथं मिळतात.

विचारणाऱ्याकडून

ताई, दादा, मनापासून आभार. मग मजकूर असा करतो : ‘आजोळ कोल्हापूर. वडिलांकडून ब्राझीलची; त्या घराचे पूर्वज पोर्तुगाल, आफ्रिका आणि जपानमधून आलेले.’ जपानी माणसं ब्राझीलला जायला १९०८ पासून लागली, म्हणून दाजींच्या जपानी पणजोबांचं सालही विचारून घेतो. आणि लेकींच्या पुढच्या रेघा आता सगळ्याच घरांच्या ओढायच्या, एकट्या भाचीची नको. त्यासाठी चार पानं वाढतील. छापखान्याला आजच कळवतो.