भरूचचा गोल्डन ब्रिज: गंजलेल्या भागांवर पट्ट्या वेल्ड कराव्यात का?

रेवाकाठ: नर्मदेवरचा हा पूल 1881 चा. 2021 मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि वाहतुकीचा मोठा भार तिकडे गेला. अशा जुन्या ट्रस (त्रिकोणी जोडणीच्या लोखंडी सांगाड्याच्या) पुलाचे गंजून पातळ झालेले भाग पट्ट्या वेल्ड करून वाचवता येतात का? रंग सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, काढावा का?

घणऐरण: आधी धातू ओळखा. त्या काळातल्या पुलांत घडीव लोखंड सर्रास असे. कमी ताणाच्या जागेवरून छोटा तुकडा काढा, खाच पाडून वाकवा. लाकडासारखे तंतू दिसले तर घडीव, दाणेदार तुटलं तर बहुधा पोलाद. घडीव लोखंडात मळीचे (भट्टीत राहिलेल्या काचेसारख्या गाळाचे) थर असतात, फॉस्फरसही जास्त. वेल्डचा सांधा थंड होताना आकसतो आणि पत्र्याचे पापुद्रे सुटतात. वरून सांधा छान दिसतो, आत चीर! म्हणून पट्टी बोल्टनेच बसवा.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी दोन्हीकडे डोकं ठोकलेली खिळ, तपासायला एका डोक्यावर बोट ठेवून दुसऱ्यावर हातोडी मारा. बोटाला थरथर जाणवली किंवा भोवती तांबूस ओघळ दिसला, तर ते सैल आहे. गॅसने कापू नका, भोक बिघडतं. डोकं ड्रिलने पोखरून पंचाने बाहेर काढा. एका वेळी एकच काढा आणि जागा भरल्यावरच पुढच्याला हात लावा. नवं तापवून ठोकणारे कारागीर मिळाले तर उत्तम, नाहीतर गोल डोक्याचे जास्त ताकदीचे बोल्ट.

शेंदूर: कोरडं सँडब्लास्टिंग अजिबात नको. जुन्या अस्तरात बहुतेकदा शेंदूर, म्हणजे शिसं असतं, आणि खाली नदी आहे. रंगाचा नमुना तपासून घ्या. शिसं निघालं तर ओलं खरवडून कचरा ताडपत्रीत गोळा करा. पत्र्यांच्या फटीत गंज फुगून पत्रे वाकवतो, तिथे आधी आत झिरपणारा सीलर. कडा आणि रिव्हेटच्या डोक्यांवर ब्रशने एक जादा हात द्यावाच, कारण रंग तिथेच पातळ बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव बनते त्यापेक्षा) किमान 3 अंश वर हवं. पहाटे रंगवलेलं लवकर सुटतं.

रेवाकाठ: पूल खांबांवर ज्यावर टेकतो त्या बेअरिंगचं काय?

घणऐरण: त्यातले रोलर मातीने जाम होतात. 30 मीटरचा गाळा (दोन खांबांमधला भाग) 35 अंशांच्या फरकाने साधारण साडेबारा मिलिमीटर सरकतो. तेवढी मोकळीक नसेल तर ताण थेट खांबावर जातो. रंगाआधी तेच साफ करून घ्या.