दप्तरातला आपला कागद कसा मिळवलात? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या बाबांनी इंदुरात छोटासा प्लॉट घेतला, त्यावर घर बांधलं, आम्ही भावंडं तिथेच वाढलो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा नामांतरणासाठी, म्हणजे दप्तरात मालकाचं नाव बदलण्यासाठी, कागद काढायला बसले तर पत्र्याच्या ट्रंकेत रजिस्ट्रीला, म्हणजे खरेदीखताला, वाळवी लागलेली. हातात फक्त पहिलं पान आलं, तेही अर्धं, स्टॅम्प दिसतोय आणि बाबांचं नाव दिसतंय, पण दस्तऐवज क्रमांक, तारीख, विकणाऱ्याचं नाव सगळं भुगा. आई म्हणते दादाच्या जन्माच्या वर्षी घेतला, म्हणजे १९७४.

रजिस्ट्री ऑफिसात शोधाची फी भरली, १९७३ ते ७५ ची नावांची इंडेक्स उघडायला लावली. बाबांचं नाव ज्ञानेश्वर. ज मध्ये बघितलं, शेवटी ज्ञ मध्ये बघितलं, नाही. तिथले कारकून बाबूजी म्हणाले रेकॉर्ड में नहीं है, आणि इंडेक्स मिटली. मी पायऱ्यांवर बसून रडले खरंच, कारण आईला घरी जाऊन काय सांगू हेच सुचेना.

म्हणून हा धागा. निगम (महापालिका) असो, तहसील असो, रजिस्ट्री असो, आपल्या गावच्या दप्तरातून कागद कसा काढलात ते सविस्तर लिहा. एकच विनंती, त्रास झाला असेल तर ऑफिसचं किंवा माणसाचं नाव नको, आपल्याला रस्ता हवाय.

सुदामानगर_आजोबा

ताई, धीर सोडू नका, पहिल्या "नहीं है" ला काही अर्थ नसतो. रजिस्ट्रेशन कायदा १९०८ चा आहे, त्याच्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्रमांक १, म्हणजे स्थावर मालमत्तेचे दस्त, आणि त्याची इंडेक्स फी भरून कुणीही बघू शकतो, मालक असायलाच हवं असं नाही. इंडेक्सही दोन असतात, एक माणसांच्या नावाची, दुसरी मालमत्तेच्या जागेची. तुम्हाला फक्त पहिली दाखवली असणार. दुसरी मागा, कॉलनीच्या किंवा मोहल्ल्याच्या नावाने. आणि शेजाऱ्यांच्या रजिस्ट्र्या बघा. एका मालकाने प्लॉट पाडून विकले असतील तर विकणारा सगळ्यांचा एकच निघेल, आणि शेजाऱ्याच्या चतुःसीमेत तुमच्या बाबांचं नाव असेल.

आता माझा अनुभव, जरा लांब आहे. मी सिव्हिलचा माणूस, नोकरी खाजगीत झाली. आमच्या गल्लीत नालीचं काम झालं आणि चेंबर उघडेच ठेवून ठेकेदार गेला, एका संध्याकाळी शेजारची सात वर्षांची मुलगी त्यात पाय जाऊन पडली, गुडघ्याला टाके पडले. मी तावातावाने आरटीआय लावली, म्हणजे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. काय लिहिलं? काम अर्धवट का सोडलं, जबाबदार कोण, कारवाई कधी करणार. २९व्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं की प्रश्नात्मक जानकारी देय नहीं. राग आला पण नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की आपण माहिती मागितलीच नव्हती, जाब विचारला होता. माहिती म्हणजे जे त्यांच्या फायलीत कागदावर आहे ते. "का" विचारलं की त्यांना सुटायला वाट मिळते.

दुसऱ्या अर्जात एकही प्रश्न घातला नाही. अमुक गल्लीतल्या नालीच्या कामाचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकाची (झालेल्या कामाची मोजमापं लिहितात त्या वहीची) संबंधित पानं, अंतिम बिल, यांच्या प्रमाणित प्रती द्या, आणि मूळ फाइल बघू द्या. फी १० रुपये. आवक शाखेत दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. ही प्रत जपा, पुढचं सगळं तिच्यावर उभं असतं. ३० दिवस गेले, काही नाही. मग प्रथम अपील, त्याला आपल्या मध्य प्रदेशात ५० रुपये लागतात, द्वितीय अपिलाला १००, ते भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे जातं. मला तिथवर जावं लागलं नाही. सुनावणीत मी फक्त शिक्क्याची प्रत पुढे ठेवली आणि म्हणालो, साहेब, मुदत टळली, आता कलम ७(६) प्रमाणे कागद फुकट द्यावे लागतात. ६२ पानं मिळाली, एरवी पानाला २ रुपये असतात.

त्या रात्री जेवायचंही सुचलं नाही. मेजरमेंट बुकात तीन चेंबरची झाकणं मोजलेली होती, लांबी रुंदी जाडी सगळं लिहिलेलं, पुढे बरोबरची खूण, बिलात त्याचे पैसे दिलेले. आणि आमच्या गल्लीत झाकण एकही नाही. सकाळी टेप घेऊन गेलो, चेंबरवर टेप ठेवून फोटो काढले, फोटोमागे बुकाचा पान नंबर लिहिला. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारींच्या सुनावणीत, मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये हे सगळं ठेवलं, भाषण केलं नाही. तीन आठवड्यांत झाकणं बसली. शंका असेल तर वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, कलम २ मध्ये आहे, हे फार जणांना माहीत नसतं.

विजयनगर_श्रुती

आजोबा, हे वाचून अंगावर काटा आला. मला आरटीआयचा अर्ज देताना काउंटरवर विचारलं की तुम्हाला कशाला पाहिजे, कोणी पाठवलंय, घरी माहीत आहे का. पहिल्यांदा मी घाबरून परत आले. मग एका सरांनी कलम ६(२) दाखवलं, कारण सांगायची गरज नाही, संपर्कापुरता पत्ता दिला की बस. दुसऱ्यांदा मी ती ओळ हिंदीत छापून अर्जाला जोडली, कुणी काही बोललं नाही. ज्यांना काउंटरवर जायची भीती वाटते त्यांच्यासाठी राज्याचं ऑनलाइन आरटीआय पोर्टल पण आहे, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा आपोआप मिळतो.

महूवाला

महूकरांसाठी वेगळं लिहितो कारण इथे सगळे चुकतात. कॅन्टोन्मेंटच्या (लष्करी छावणीच्या) हद्दीतलं जन्म मृत्यूचं रजिस्टर, घरांचं रेकॉर्ड हे छावणी बोर्डाकडे असतं, इंदूरच्या निगमशी त्याचा संबंध नाही. आणि छावणी बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली येतं, म्हणून तिथे केंद्राचे नियम. फी १० च, पण पोस्टल ऑर्डर लावा, राज्यात चालतो तो स्टॅम्प इथे लावू नका. आणि प्रथम अपिलाला काहीही फी नाही. मी ५० रुपये लावून पाठवले होते, परत आले.

चुकीच्या ऑफिसला अर्ज गेला तरी घाबरू नका, त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, कलम ६(३). अर्जात शेवटी ही ओळ आधीच लिहून टाकावी.

काळे_काकू

रामबागची लेक, तुझं वाचलं आणि आधी हेच लिहायला बसले. बाळा, ग मध्ये बघ. ग मध्ये! हिंदीत ज्ञ चा उच्चार ग्य होतो, लिहिणारा ऐकून लिहितो, ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर होतो. माझ्या भावाचं नाव प्रज्ञेश, त्याच्या शाळेच्या हजेरीपटावर प्रग्येश लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या मराठी घरांचं इथे हे कायमचं आहे, ळ चं ल तर होणारच, आम्ही काळे, पण इंदूरच्या अर्ध्या कागदांवर काले आहोत.

माझी गोष्ट अशी की मुलाकडे परदेशात जायच्या कागदांसाठी माझा जन्माचा दाखला मागितला. माझा जन्म १९६६ चा. आमच्या वेळी दाखला कोण काढत होतं, शाळेत घालताना आजोबांनी तारीख सांगितली ती लागली. जन्मनोंदणीच्या दप्तरात शोध घेतला तर नाव नाही. मी म्हटलं मला रजिस्टर बघू द्या, तिथली एक मुलगी फार चांगली होती, तिने खाली बसून बस्ता सोडला, लाल कापडाचा, गाठ इतकी जुनी की दातांनी सोडवावी लागली. जाड पिवळी पानं, निळी शाई, कडा हाताला लागल्या की चुरा होतो. तेव्हा कळलं की नोंदी जन्माच्या तारखेने नाहीत, नोंद करायला ज्या दिवशी कुणी गेलं त्या तारखेने आहेत. माझी नोंद पाच आठवडे पुढे निघाली. नावाच्या जागी फक्त "कन्या". वडिलांचं नाव बरोबर, आडनाव काले, आणि आईचं नाव बघितलं आणि मला पुढचं दिसेनाच, आई जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

दाखला नावाशिवाय मिळाला. त्याला शाळेचा दाखला आणि आडनावाचं अ‍ॅफिडेव्हिट जोडलं, काम झालं. नव्या आईबापांना हात जोडून सांगते, नोंद २१ दिवसांत होते पण बाळाचं नाव त्यात टाकलंय का ते बघा. वर्षभरात फुकट घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत लेट फी देऊन, त्यानंतर फार वणवण होते. आणि नोंदच नसेल तर आधी अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी घ्या, तोंडी "नहीं है" वर परत येऊ नका, त्या कागदावरच पुढे एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) उशिराच्या नोंदीचा अर्ज होतो.

सांवेर_रोड

शेतीचं थोडक्यात. चालू खसरा (शेताची नोंद), बी-१ (खातेदाराचा उतारा), नक्शा आता भूलेख पोर्टलवर डिजिटल सहीचा मिळतो, लोक सेवा केंद्रातूनही मिळतो, पटवाऱ्याच्या (आपल्याकडच्या तलाठ्याच्या) मागे फिरायला नको. अडचण जुन्याची. आमच्या आजोबांच्या कागदावरचा सर्वे नंबर आजच्या नक्शात दुसऱ्याच्याच जमिनीवर दिसत होता, घरात भांडणं व्हायची वेळ आली. बंदोबस्तात, म्हणजे जमिनीच्या नव्या मोजणीत, नंबर बदलतात हे नंतर एका म्हाताऱ्या पटवाऱ्याने सांगितलं. रेकॉर्ड रूममधून रीनंबरिंग सूचीची नकल (प्रत) काढा, जुना नंबर कुठल्या नव्या नंबरांत गेला ते एका ओळीत दिसतं. आमचा एक जुना नंबर तीन नव्या नंबरांत वाटला गेला होता. ती एक नकल नसती तर दोन भाऊ आज कोर्टात असते.

प्लॉटची_वाट_बघणारा

गृहनिर्माण संस्थेत पैसे भरून वर्षानुवर्षं बसलेले माझ्यासारखे इंदुरात घराघरात आहेत. माझ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. थेट संस्थेला आरटीआय लावली तर उत्तर आलं की आम्ही सरकारी नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा थलप्पलम निकाल आहे, सहकारी संस्था सरसकट आरटीआयखाली येत नाहीत. पण त्याच निकालात हेही आहे की कायद्याने सहकार खात्याच्या रजिस्ट्रारला जी माहिती संस्थेकडून घेता येते ती त्याच्याकडून मागता येते. म्हणून मी सहकार खात्याकडे अर्ज केला, नेमके तीन कागद, ऑडिट रिपोर्ट, सदस्यांची यादी, वरीयता सूची (कोणाचा नंबर आधी याची यादी). सूची हातात आली तेव्हा माझ्यानंतर सदस्य झालेल्यांची नावं माझ्या नावाच्या वर होती. प्लॉट अजून मिळाला नाही, पण आता माझी तक्रार तोंडी राहिली नाही, पान नंबरासकट आहे.

मोडी_वाचक

होळकरशाहीतले कागद घरात असतील तर फेकू नका. सनदा, हिशेब, घरखरेदीचे कागद बरेच मोडीत असतात, घरच्यांना वाटतं अरबी-फारसी आहे. माझ्याकडे एकाने आणलेला कागद ते रद्दीत देणार होते, त्यात वाड्याची हद्द हातांच्या मापाने लिहिलेली निघाली. वाचून हवं असेल तर मदत करीन. फोटो दिवसाउजेडी, सरळ वरून, दोन्ही बाजूंचा काढा, मागच्या शेऱ्यात बऱ्याचदा तारीख असते. लॅमिनेशन मात्र करू नका.

रामबागची_लेक

काकू!!! आज गेले होते. पुन्हा फी भरली, १९७४, ग. तिसऱ्या पानावर, गणपतराव, गणेशीलाल आणि त्याखाली ग्यानेश्वर, पुढे आजोबांचं नाव, आडनाव, आमचा मोहल्ला. मी बोट ठेवलं तर बोट थरथरत होतं. बाबूजी पण उठून आले, म्हणाले ये लो, मिल गया. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

खंड आणि पान मिळालं, प्रमाणित नकलेचा अर्ज लगेच दिला, पावती घेतली शिक्क्यासकट. आजोबा, आधी तुमच्या सांगण्यावरून शेजारी साठे काकूंकडे पण जाऊन आले होते, त्यांच्या चतुःसीमेत "उत्तर में ग्यानेश्वर का भूखंड" असंच लिहिलंय, इतकी वर्षं भिंतीपलीकडे होतं. विकणाराही एकच निघाला.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुझ्या बाबांना ग्यानेश्वर म्हटलेलं अजिबात आवडायचं नाही. नकल सोमवारी मिळणार आहे. नामांतरणाच्या अर्जाला दोन्ही नावांचं अ‍ॅफिडेव्हिट कसं लिहायचं, काकू, तुमचा मसुदा टाकाल का?