मदत हवी आहे : संगीतिकेतल्या नृत्यदिग्दर्शनाला गुण कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आमच्याकडे हौशी संघांच्या संगीतिकांची स्पर्धा आहे आणि नृत्यदिग्दर्शनाचं परीक्षण माझ्या गळ्यात पडलंय. मी सात-आठ वर्षं कथ्थक शिकले, पण नाटकातलं नाचणं हे वेगळंच प्रकरण आहे.

गेल्या वर्षी प्रेक्षकांत बसले होते. एका संघाची बारा मुलं एकाच तालात, हात अगदी रेषेत. शिट्ट्याच शिट्ट्या! पण गाणं संपलं तेव्हा गोष्ट होती तिथेच उभी. दुसऱ्या संघात बाजाराचा प्रसंग होता. ठेका धरून माणसं नुसती ये-जा करत होती आणि नायिका हळूहळू एकटी पडत गेली. एकही गिरकी नाही. बक्षीस अर्थातच पहिल्यांना.

माझ्या डोक्यात 'घाशीराम कोतवाल' (१९७२) आहे. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेली ती ब्राह्मणांची भिंत (म्हणजे ओळीत उभे नटच) पाठ फिरवते, झुलते, क्षणात पडदा होते. किंवा १९५७ची अमेरिकन संगीतिका 'वेस्ट साइड स्टोरी': नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स सुरुवातीला दोन टोळ्यांचं वैर जवळजवळ न बोलता, चुटक्या आणि चालीतून उभं करतो.

तर अनुभवी लोकांनो, सफाईला किती गुण आणि प्रसंग पुढे नेण्याला किती? नाच कच्चा दिसला तर दोष बसवणाऱ्याचा की नाचणाऱ्यांचा, हे एकाच प्रयोगात कसं ओळखता? आणि गाता गाता धाप लागली, तर गुण कापता का?