प्रवासी समूह बंद होतोय ना? मग जुनं लेखनही पुसून टाका

शिळा नकाशा (धागाकर्ता)

ज्या प्रवासवेड्यांच्या ऑनलाइन अड्ड्यावर मी एकोणीस वर्षं पडीक होतो, तो महिनाअखेरीस बंद होतोय. नाव सांगत नाही. असे अड्डे एकामागून एक मिटताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत. सध्या तिथे निरोपाचा पूर आलाय. पाच-पाच वर्षं न फिरकलेले लोक येऊन डोळे पुसतायत. (त्या पाच वर्षांत एखाद्या नवख्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं असतं तर... जाऊ दे.)

एक मागणी सारखी वर येते: समूह बंद करा, पण जुनं सगळं लेखन वाचनमात्र ठेवा, कायमचं. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. बंद करताय तर सगळं उडवा.

२०११ साली मी किर्गिझस्तानातल्या ओशहून बातकेन, इस्फारा असं करत ताजिकिस्तानातल्या खुजंदला गेलो. आल्यावर सविस्तर लिहिलं. शेअर टॅक्सी कुठे मिळते, चौकीवर काय विचारतात, वाटेत सोख नावाचा उझबेकिस्तानचा तुकडा लागतो (चारी बाजूंनी किर्गिझस्तान), त्याला वळसा घालणारीच गाडी धरा, वगैरे. ते उत्तर इतकं चाललं, की कुणी त्या रस्त्याबद्दल विचारलं की लोक नुसता त्याचा दुवा चिकटवायचे. मग २०२१ च्या एप्रिलअखेरीस त्या दोन देशांत चकमकी झाल्या आणि मे महिन्यात सीमा बंद झाली. २०२२ मध्ये एका मुलाचा निरोप आला, "काका, तुमचं वाचून इस्फाऱ्यापर्यंत आलो, चौकीवरून परत पाठवलं." व्हिसाचे दोन दिवस उरलेले. शेवटी उझबेकिस्तानमार्गे लांबचा फेरा घालून बाहेर पडला बिचारा.

माझ्या उत्तरावर तारीख होती. तारीख कोण बघतं? चालू समूहात निदान खाली कुणीतरी लिहितं, "आता बंद आहे हो." वाचनमात्र केलं की तेही संपलं. चूक तशीच राहणार, दुरुस्ती करायला कुणी नाही, आणि शोध घेणाऱ्याला ती सगळ्यात वर दिसणार.

धुळीचा रस्ता

असहमत. जोरात असहमत.

तुम्ही प्रवासवर्णनाला वेळापत्रक समजताय. वेळापत्रक शिळं होतं, मान्य. पण जागाच नाहीशी झाली तर?

२०१५ च्या फेब्रुवारीत आयसिसने इराकमधल्या मोसुलच्या संग्रहालयातल्या मूर्ती फोडतानाची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'प्रोजेक्ट मोसुल' नावाने काही संशोधकांनी जगभरातल्या लोकांकडे जुने फोटो मागितले आणि त्यांतून त्या मूर्तींची त्रिमिती रूपं उभी केली. हे काम कसं चालतं ते बघा. एका झकास फोटोने भागत नाही. एकच वस्तू वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली लागते, मग त्या फोटोंतले समान बिंदू जुळवून आकार काढतात. म्हणजे पन्नास जणांनी काढलेले वाकडेतिकडे, कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा आलेले फोटोच उपयोगी पडतात. असे फोटो कुठे सापडतात? कॉफीटेबल पुस्तकात नव्हे, असल्याच अड्ड्यांवर.

दुसरं. प्रवाशांनीच लिहिलेलं व्हर्च्युअलटूरिस्ट हे संकेतस्थळ २०१७ च्या फेब्रुवारीअखेरीस बंद झालं. त्याच वर्षी ८ मार्चला माल्टातल्या गोझो बेटावरची ॲझ्युर विंडो, ती प्रसिद्ध दगडी कमान, वादळात समुद्रात कोसळली. दहा दिवसांचाही फरक नाही! कमानीवर कुठून चढता यायचं, लाटा कशा धडकायच्या, हे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं होतं. नेमकं त्या लिखाणाला मोल आलं तेव्हा त्याचं घरच मोडलेलं होतं.

एकटी निघाले

धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

मी चोविसाव्या वर्षी एकटी फिरायला लागले आणि भाबडेपणाने सगळं खऱ्या नावाने लिहिलं. कुठे उतरले, कुणाच्या घरी राहिले, कुठल्या बसमध्ये कुणी त्रास दिला, तेव्हा मी काय घातलं होतं, किती रडले. त्या वेळी वाचणारी चाळीस-पन्नास माणसं. सगळी ओळखीची वाटायची. आज मी एका कार्यालयात चाळीस जणांची वरिष्ठ आहे आणि नाव टाकलं की ते लेखन समोर येतं. ज्या कुटुंबांनी मला घरी ठेवलं त्यांची नावं, गल्ल्या, मुलांचे फोटो, सगळं मीच टाकलंय. त्यांना विचारलंही नव्हतं. त्यांतल्या एकीच्या देशात परदेशी माणसाला घरी ठेवल्याबद्दल आज चौकशी होऊ शकते.

आपण हे इतिहासासाठी लिहिलं नव्हतं हो. गप्पा मारल्या होत्या. गप्पांना मरायचा हक्क असावा. युरोपात २०१८ पासून आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क कायद्याने आहे, तो उगाच नाही आलेला.

धुळीचा रस्ता

@एकटी निघाले, तुमच्यापुरतं तुम्ही पुसा ना. सगळ्यांचं का पुसायचं? माझ्या लडाखी बुटांच्या... सॉरी, चुकीच्या धाग्यावरचा मजकूर चिकटला. माझ्या फोटोंचा कुणाला धोका आहे?

एकटी निघाले

माझ्या तीनशे नोंदींपैकी किती ठिकाणी इतरांनी माझं वाक्य उचलून खाली उत्तर दिलंय माहितीये? मी माझं पुसलं तरी त्यांच्या उताऱ्यात मी आहेच. ते पुसायला त्यांना शोधायचं, त्यातले दोघे तर वारलेत. आणि मी पुसलं की त्या धाग्याचं काय उरतं? प्रश्न गायब, खाली बारा जण हवेत उत्तरं देतायत.

वाचनमात्र कार्टं

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. नऊ वर्षं नुसतं वाचलं (नाव त्यावरूनच).

निरोपाच्या धाग्यात सगळे लिहिणारे रडतायत. आमच्यासारख्यांचं काय? आम्ही कुणाचे मित्र नाही, कुणाला भेटलो नाही, पण पहिला पासपोर्ट हातात आल्यावर रात्री दोन वाजता ज्यांचं वाचून धीर आला ती माणसं तीच. आता विचारलं तर दहा सेकंदांत यंत्र उत्तर देतं. छान देतं. पण ते कधी "मी तिथे घाबरलो होतो" म्हणत नाही, म्हटलं तरी खोटं.

मत: ठेवा.

तळटीप

इथे सगळे 'ठेवा' आणि 'पुसा' करतायत. ठेवणार कोण आणि पुसणार कोण, हे कुणी विचारत नाही. हा हक्काचा मामला आहे, भावनेचा नाही.

विकिट्रॅव्हलची, म्हणजे कुणीही लिहावी-सुधारावी अशा ऑनलाइन प्रवासमार्गदर्शिकेची, गोष्ट बघा. २००३ मध्ये सुरू झालं. २००६ मध्ये एका कंपनीने विकत घेतलं. २०१२ पर्यंत लिहिणारी मंडळी जाहिरातींना आणि मागे पडलेल्या तंत्राला कंटाळली आणि एकत्र उठून निघाली. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावाही लावला. पण लेखन पहिल्या दिवसापासून मुक्त परवान्याखाली होतं, श्रेय दिलं की कुणीही नेऊ शकेल असं. त्यामुळे मंडळी रिकाम्या हाताने निघाली नाहीत, सगळं लेखन पाठीवर घेऊन निघाली. जानेवारी २०१३ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छताखाली विकिव्हॉयेज सुरू झालं ते असं. तिथे ओश-खुजंद रस्त्याचं वाक्य चुकलं तर आजही कुणीही दुरुस्त करू शकतं.

आता तुमच्या अड्ड्याच्या अटी काढून वाचा. बहुतेक ठिकाणी असं असतं, की लेखन तुमचं, पण ते वापरायचा, न वापरायचा, बंद करायचा अधिकार चालकाचा. मग निरोपाच्या दिवशी तुम्ही मागणी करत नसता, याचना करत असता.

उगाच एक पिंक

थोडक्यात, भाड्याच्या घरात भिंतीवर मुलांची उंची कोरून ठेवली आणि आता घरमालकाला म्हणताय भिंत पाडू नका.

तळटीप

@उगाच एक पिंक, हे मी तीन परिच्छेदांत सांगितलं ते तुम्ही एका ओळीत. निषेध.

बिनघराचा पाहुणा

चालकांच्या नावाने बोटं मोडण्याआधी काउचसर्फिंग आठवा, प्रवाशांना अनोळखी लोकांच्या घरी फुकट उतरायची सोय करून देणारं संकेतस्थळ. २००४ मध्ये सुरू झालं आणि २००६ च्या जूनमध्ये माहितीसाठा असा कोसळला, की संस्थापकाने स्वतः 'संपलं' म्हणून जाहीर केलं. रीतसर निरोप! सदस्यांनी तो मानलाच नाही. माँट्रियलला जमलेल्यांनी दिवसरात्र खपून ते पुन्हा उभं केलं. फुकट. घरं फुकट द्यायची सवय होती, तसेच हात दिले.

हे सांगायचं कारण, की 'बंद होतंय' ऐकल्यावर आपण काय करतो त्यावरून समूह जिवंत होता की नुसता साठा होता ते कळतं. तुमच्या अड्ड्यावर निरोपाचा पूर आलाय म्हणता, त्यात "मी चालवायला घेतो" म्हणणारे किती?

शिळा नकाशा

@बिनघराचा पाहुणा, दोन. एकाला तांत्रिक काही येत नाही आणि दुसरा मी. मी दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. रोजचा कचरा काढणं, भांडणं सोडवणं, कुणी धमकी दिली तर रात्री उठणं, हे एकोणीस वर्षं दुसरं कुणीतरी करत होतं हे मला यादी पाहिल्यावर कळलं.

आणि तुमची गोष्ट पुढेही सांगा. २०११ मध्ये तेच काउचसर्फिंग नफ्यासाठीची कंपनी झालं आणि मे २०२० मध्ये पैसे भरल्याशिवाय स्वतःच्या खात्यातही शिरता येईना. ज्यांनी माँट्रियलमध्ये रात्री जागवल्या त्यांचं काय झालं मग?

बिनघराचा पाहुणा

बरोबर आहे. झोंबलं. पण सर्वास ही संस्था १९४९ पासून घरोघरी पाहुणे ठेवतंय आणि अजून चालू आहे, म्हणजे न विकता टिकता येतं. तिथे यादी, मुलाखत, ओळखपत्र असला जुनाट कारभार होता म्हणून आम्ही त्याला हसायचो.

शिळा नकाशा

आता मूळ मुद्द्यावर. प्रवासाची पुस्तकं काढणाऱ्या लोनली प्लॅनेटचा ऑनलाइन अड्डा, थॉर्न ट्री, आठवत असेल. १९९६ पासून चालला, कोरोनाकाळात त्याला कुलूप लागलं ते पुन्हा निघालं नाही. ते नाव नैरोबीच्या एका हॉटेलातल्या काटेरी झाडावरून घेतलं होतं. प्रवासी त्या झाडाला एकमेकांसाठी चिठ्ठ्या लावायचे: मी पुढे गेलो, अमुक ठिकाणी भेट. ज्याची चिठ्ठी त्याने वाचली की तिचं काम झालं. त्या चिठ्ठ्यांचं संग्रहालय करा असं कुणी म्हटलं नाही. मूळ झाडही आता नाही.

मला वाटतं आपण लिहिलं ते त्या जातीचं होतं. धुळीचा रस्ता यांचे फोटो जपावेत, मोसुलचं मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य. फोटो आणि जागांची वर्णनं संग्रहाला द्या. रस्ता कसा, चौकी कधी उघडी, टॅक्सी किती वाजता, हे मात्र उडवाच.

धुळीचा रस्ता

झाडावरच्या चिठ्ठ्या उरल्या असत्या तर आज लोक त्या रांग लावून वाचत बसले असते. तुम्ही पहिले.

आणि निवडणार कोण, कुठलं वर्णन आणि कुठली चौकी? जुनी संकेतस्थळं जपून ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह उचलतं ती उघडी पानं. तुमच्या अड्ड्याचा निम्मा भाग सदस्य म्हणून आत शिरल्यावरच दिसतो, तो त्याला दिसणारही नाही. महिनाअखेर म्हणजे बावीस दिवस. तुम्ही चाळणी लावेपर्यंत वीज गेलेली असेल.

एकटी निघाले

बंद दाराआडचं उचललं जात नाही याचा मला आनंद आहे, हे वेगळं सांगणे न लगे.

फाट्यावरचा थांबा

मध्येच विचारतो, अवांतराबद्दल माफी. धागाकर्ते, तुमच्या माहितीसाठी: ती सीमा २०२५ च्या मार्चमध्ये करार होऊन पुन्हा उघडली. मी आणि बायको सप्टेंबरात बातकेन-इस्फारा असंच जायचं म्हणतोय. तुमचं २०११ चं उत्तर कालच शोधून वाचलं, त्यापेक्षा सविस्तर कुठेच काही सापडलं नाही. दोनच शंका. सोखला वळसा घालणारी गाडी ओशच्या कुठल्या स्थानकावरून सुटते? आणि चौकीवर दुपारी जेवणाची सुट्टी असते का?

शिळा नकाशा

@फाट्यावरचा थांबा, गाडीचं असं, की जुन्या बसस्थानकाच्या मागे एक मोकळं आवार होतं, तिथून. सकाळी लवकर जा, नऊनंतर मिळणं कठीण. चौकीवर आम्ही भर दुपारी पोचलो होतो आणि तासभर उन्हात बसलो होतो, तेव्हा टोपी ठेवा.

थांबा, हे सगळं चौदा वर्षांपूर्वीचं आहे. तिकडे गेल्यावर विचारून घ्या. आणि आल्यावर खाली लिहा.

उगाच एक पिंक

कुठे खाली?