२०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड: कधी पेशी मरतात, कधी ढिम्म

प्रश्न: डीएमईएममधल्या (पेशी वाढवायचं तयार द्रव माध्यम) पेशींना २०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड देतोय. एकदा निम्म्या मरतात, पुढच्या वेळी काहीच नाही. पेरॉक्साइडची बाटली ३० टक्क्यांची. कुठे चुकतंय?

उत्तर: माध्यमात पायरुव्हेट आहे का बघा. बऱ्याच डीएमईएममध्ये ते १ मिलिमोलर असतं. पेरॉक्साइडचं पाणी करतं, स्वतः ॲसिटेट नि कार्बन डायऑक्साइड होतं. म्हणजे पेरॉक्साइड संपवणारं डोसच्या पाचपट आधीच हजर! पायरुव्हेट आणि सीरम नसलेल्या माध्यमात तासभर द्या, मग माध्यम बदला.

उत्तर: बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका. ताजं ३० टक्के म्हणजे सुमारे ९.८ मोलर. त्यातलं १०.२ मायक्रोलिटर घेऊन पाण्याने १० मिलिलिटर करा. २४० नॅनोमीटरला, १ सेंटिमीटर क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये, प्रकाशाचं शोषण (ॲब्सॉर्बन्स) ०.४४च्या आसपास यायला हवं. बरंच कमी आलं तर बाटली उतरलीय. द्रावण दर वेळी ताजं, बर्फावर.

प्रश्नकर्ता: पायरुव्हेट निघालं! माध्यमाच्या एका बाटलीत आहे, दुसरीत नाही.

उत्तर: तरी पेशी मोजाच. पेशींच्या दाट थरातली कॅटालेज नि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही पेरॉक्साइड मोडणारी विकरं (एन्झाइम) तेवढाच डोस भराभर संपवतात. मारतंय ते पेरॉक्साइडच का, हे कळायला प्लेटमध्ये कॅटालेज घातलेली एक विहीर (वेल) आणि उकळून निकामी केलेल्या कॅटालेजची दुसरी ठेवा. शिवाय, शरीरात पेशीच्या आत हे नॅनोमोलर पातळीत असतं; २०० मायक्रोमोलरला ‘संकेत’ म्हणू नका, तो मारा आहे.