नवीन वस्तू बिघडली, बदल्यात रिफर्बिश्ड आली: अनुभव लिहा

तिरफळ
दिवाळीच्या सेलमध्ये ताईला ई-रीडर घेऊन दिला. थोड्याच दिवसांत स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ आली ती काही केल्या जाईना. चॅटवर तक्रार केली, बिल पाठवलं, रीस्टार्ट करा रीसेट करा हे सगळं झालं आणि त्याच आठवड्यात बदली पीस घरपोच. इथपर्यंत झकास. पण खोकं साधं खाकी, आत केबल नाही, आणि कंपनीची मेल नीट वाचली तर त्यात 'सर्टिफाईड रिफर्बिश्ड', म्हणजे कुणीतरी परत केलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा दिलेला. विचारलं तर म्हणे मॅडम वॉरंटीत असंच असतं, अटींमध्ये दिलेलं आहे. काढून बघितलं तर खरंच दिलेलं आहे, नवीन किंवा रिफर्बिश्ड यातलं काहीही देऊ अशा अर्थाचं वाक्य, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. म्हणजे पैसे मोजताना कोरं, आणि त्यांचाच माल सदोष निघाला की आपल्याला कुणीतरी परत केलेला. ताई म्हणते चालतोय ना, मग झालं. मला नाही पटत.

तुमच्याकडे असं झालंय का, काय मिळालं, भांडलात तर पुढे काय झालं, आणि रिफर्बिश्ड पीस छान चालला असेल तर तेही लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत, नाहीतर सगळे आपापल्या ब्रँडसाठी भांडत बसतील.

खटपट्या
हार्ड डिस्कच्या धंद्यात हे उघड चालतं, कुणी लपवत नाही. वॉरंटीत डिस्क पाठवली की बऱ्याचदा परत येते तिच्या लेबलवर 'रीसर्टिफाईड' असं छापलेलंच असतं. माझी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली डिस्क खरखर करायला लागली, बदली आली ती तसलीच. दुकानदाराला म्हटलं हे काय, तो म्हणाला शेठ ही सगळ्यांनाच अशी येते, नवीन पाहिजे तर नवीन विकत घ्या. आता डिस्क किती तास चालली याचा आकडा तिच्यातच साठवलेला असतो, फुकटची सॉफ्टवेअरं आहेत त्यात दिसतो, पण बदली डिस्कवर तो शून्याजवळ दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, कारखान्यातून बाहेर पडताना तो पुसून येऊ शकतो. मी त्या डिस्कवर फक्त सिनेमे ठेवतो. पोरीचे फोटो नाही ठेवणार.

लिंबूटिंबू
इअरबड्सचा उजवा बंद पडला, कंपनीने फक्त उजवाच बदलून दिला. तो आधीच वापरलेला असणार, कारण डावा दिवसभर टिकतो आणि उजवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान टाकतो. मीटिंगमध्ये एकाच कानाने ऐकते, बॉसचं तेवढंही पुष्कळ आहे.

करवीरकर
आमच्याकडं फोनचं झालं. नवाकोरा हँडसेट, कॉलवर समोरच्याला आपला आवाजच जात नव्हता, स्पीकरवर टाकला की जायचा. सर्व्हिस सेंटरला टोकन घेऊन बसलो, पोरानं सॉफ्टवेअर मारून बघितलं, काय उपयोग नाही, मग म्हणाला ठेवून जावा दादा, वरनं रिप्लेसमेंटचं अप्रूव्हल यायला लागतंय. आलं अप्रूव्हल. घ्यायला गेलो तर हँडसेट बबल रॅपमध्ये गुंडाळलेला, खोकं नाही काय नाही. चष्मा लावून दारात उजेडाला धरला. मागनं काच एकदम नवी, पण सिम ट्रेच्या भोकाभोवती पिन घसरल्याचे बारके ओरखडे, आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या आतल्या बाजूला एक पांढरा कण. बाहेरनं पुसून जाणारा नव्हे. म्हटलं हे कुणीतरी उघडलंय. पोरगं म्हणतंय नाही दादा, सिस्टिमला रिप्लेसमेंट असंच दाखवतंय. मी म्हटलं बरं, मग जॉबशीटवर जुना आयएमईआय (फोनचा ओळख नंबर), नवीन आयएमईआय आणि 'रिफर्बिश्ड युनिट दिलं' असं लिही, शिक्का मार, लगेच सही करतो. त्यावर आतनं मॅनेजर आला, चहा मागवला. रिफर्बिश्ड हा शब्द लिहायला शेवटपर्यंत तयार झाला नाही, पण 'स्वॅप' लिहिलं आणि दोन्ही नंबर लिहिले.

खरी गंमत पुढं. स्क्रीन फुटायचा प्लॅन घेतला होता वेगळे पैसे भरून. गणपतीच्या मिरवणुकीत पडला फोन, स्क्रीनचा चुरा. क्लेम टाकला तर उत्तर काय, की तुमच्या बिलावरचा आयएमईआय आणि हँडसेटचा आयएमईआय जुळत नाही, हा फोन तुमचा नाहीच. ती चहावाली जॉबशीट स्कॅन करून पाठवली तेव्हा कुठं क्लेम पास झाला. तेव्हा लोकहो, फोन एक वेळ सोडा पण तो कागद सोडू नका.

तिरफळ
हे भारी आहे. बिलावरचा नंबर वेगळा राहतो हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या फोन विकायला काढला तरी तीच भानगड होणार.

करवीरकर
होणारच की. एक्स्चेंजला न्या, पहिल्यांदा बिल मागत्यात. अजून एक, बदली फोन हातात आला की स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून पंधरा आकडी नंबर घ्या आणि 14422 वर केवायएम, मग स्पेस देऊन तो नंबर, असा एसएमएस करा. सरकारचं संचार साथी आहे त्यातलं हे, फोन ब्लॅकलिस्टेड आहे का ते लगेच कळतं.

पाणीपट्टी
मला बदली टॅब मिळाला तो चालू केला तर आधीच्या मालकाचं अकाउंट आणि पासवर्ड मागत होता 😐 म्हणे क्वालिटी चेक झालेला आहे. कसला चेक, कुणी साधं बटण दाबून पाहिलेलं नव्हतं. परत पाठवला, पैसेच घेतले.

वऱ्हाडी ठेचा
मी नागपूरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम केलेलं आहे, आता नाही करत, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पहिली गोष्ट, घाबरू नका बाप्पा, रिफर्बिश्ड म्हणजे भंगार नव्हे. त्यात बराच माल असा असते की कोणी खोकं उघडून दोन दिवसांत परत केला, किंवा एखादा छोटा पार्ट गेला होता. बोर्ड तपासतात, बॉडी आणि बॅटरी बदलतात, मग टेस्ट करून पाठवतात. नवीन माल बऱ्याच ठिकाणी लॉटमधले काही पीस काढून तपासला जाते, रिफर्बिश्डचा मात्र एकेक पीस टेबलावर येते, निदान यायला पाहिजे. वरच्या टॅबसारखे नमुने निघतात ते टार्गेटच्या घाईत.

दुसरी गोष्ट, सगळा खेळ तारखेचा आहे. नवीन वस्तू पहिल्या काही दिवसांत बिघडली तर तिला डीओए (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे आली तेव्हाच बिघडलेली) धरतात, सर्व्हिस सेंटरवाला तसं सर्टिफिकेट देते आणि त्यावर दुकानदार सीलबंद पीस देते. ही मुदत बरेचदा सात दिवस असते, कंपनीगणिक वेगळी. ती उलटली की तुम्ही वॉरंटीच्या रांगेत, आणि त्या रांगेत रिपेअर नाहीतर स्वॅप. लोक काय करतात, थोडं हँग होते, होईल ठीक म्हणून थांबतात. काउंटरवरचा पोरगाही म्हणते अपडेट येऊ द्या सर, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात काहून? आजच जॉबशीट काढा म्हणा. तक्रारीची तारीख कागदावर आली पाहिजे, तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

थंडीवारा
इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, लॅपटॉपचा कीबोर्ड पहिल्याच आठवड्यात अर्धा मेला. दुकानाने रिफर्बिश्ड देऊ केला, मी नको म्हटलं. इथल्या कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 प्रमाणे वस्तू सदोष असेल तर पहिल्या 30 दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, आणि ही जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची, कंपनीच्या वॉरंटीशी त्याचा संबंध नाही. 30 दिवसांनंतर मात्र दुकानाला आधी दुरुस्त करायची किंवा बदलून द्यायची एक संधी द्यावी लागते. काउंटरवरच्या मुलीला कायद्याचं नाव सांगितल्यावर तिने निमूटपणे कार्डवर पैसे परत टाकले. पुण्यात असताना अशा गोष्टींसाठी आवाज चढवायला लागायचा, इथे तो हक्कही गेला 😄

नाचणीसत्व
आपल्याकडेही कायदा तितका दुबळा नाही, वापरत कुणी नाही. मी वकील नाही, पण ग्राहक चळवळीत काम करते म्हणून लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे, त्याच्या कलम 39 मध्ये जिल्हा ग्राहक आयोग काय आदेश देऊ शकतो ते आहे: दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे. आणि बदलून देण्याबाबत शब्द आहेत ते त्याच प्रकारच्या, दोष नसलेल्या 'नवीन' वस्तूचे. हे आयोगाने आदेश दिला तरचं आहे बरं का, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कलम दाखवून लगेच सीलबंद डबा मिळत नाही. पण लेखी तक्रारीत हे वाक्य टाकलं की समोरून येणाऱ्या उत्तराचा सूर बदलतो, हे मी खूपदा पाहिलंय.

आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर आयोगाकडे ऑनलाइन तक्रार, पूर्वी ई-दाखिल होतं आता ई-जागृती. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत दोन वर्षं.

खटपट्या
पण अटींमध्ये आधीच लिहून ठेवलंय त्याचं काय? 'ॲग्री' वर टिचकी मारलेली आहेच आपण.

नाचणीसत्व
कायद्यात अन्यायकारक करार अशी वेगळी व्याख्या आहे, एकतर्फी अटी त्याखाली आव्हानता येतात. पण ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि दोन-चार हजारांच्या इअरबडसाठी कोण जाईल? कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून अटीशी भांडण्यापेक्षा, आधी सांगितलं नाही आणि वापरलेली वस्तू नवीन म्हणून माथी मारली, हा मुद्दा धरा. तिरफळ, तुमच्या केसमध्ये मेलमध्ये निदान लिहिलं तरी होतं. करवीरकरांच्या मॅनेजरने तो शब्द लिहायचं टाळलं, माझ्या मते ते जास्त वाईट.

मोदकपात्र
माझा अनुभव उलटा आहे. नवीन राउटर दर संध्याकाळी तापून बंद पडायचा, बदली आला तो रिफर्बिश्ड, डब्यावर स्वच्छ लिहिलेलं. लॉकडाऊनपासून चालू आहे, सासूबाईंच्या मालिका, मुलांचे क्लास, माझं ऑफिस, सगळं त्याच्यावर, आजतागायत रीस्टार्टसुद्धा क्वचित लागतो. स्पष्ट सांगितलं की राग येत नाही, आणि थोडे पैसे परत दिले असते तर मी पेढे वाटले असते.

आयफोनवाल्यांसाठी एक: सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा. एम म्हणजे नवीन विकलेला, एफ म्हणजे रिफर्बिश्ड, एन म्हणजे बदली दिलेला, पी म्हणजे नाव वगैरे कोरून घेतलेला. ओळखीतून सेकंडहँड घेतानाही उपयोगी पडतं.

लिंबूटिंबू
वऱ्हाडी ठेचा, बदली पीसवर वॉरंटी नव्याने सुरू होते का? मला एक जण हो म्हणाला, एक जण नाही.

वऱ्हाडी ठेचा
बहुतेक ठिकाणी नाही. मूळ बिलाची जेवढी उरली तेवढी, किंवा बदली दिल्यापासून 90 दिवस, यातलं जे जास्त ते, असा साधारण हिशोब असते, पण तुमच्या वॉरंटी कार्डावर काय आहे ते बघा. आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्यात नवा सिरीयल नंबर आपण होऊन चढवून घ्या, सर्व्हिस सेंटरवाला कळवत नाही. इअरबडमध्ये तर डब्याचा नंबर वेगळा, बडचा वेगळा असू शकते, दोन्हीचे फोटो काढून मेल टाका आणि उत्तर आलं की ते जपून ठेवा.