चोरीचा प्रयत्न झालेली क्लासिक 350: आधी कुलूप, शॉकअप की जादा सामान?

ताम्हिणीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डिसेंबर 2018 मध्ये घेतलेली रॉयल एन्फील्डची क्लासिक 350 मोटरसायकल आहे. आमच्या कोथरूडच्या इमारतीत आतली जागा चारचाक्यांनी व्यापल्यामुळे ती रात्री बाहेर रस्त्यालगत उभी असते. मागच्या आठवड्यात पहाटे कोणीतरी हँडल लॉक हिसका देऊन तोडले, पुढच्या दिव्याच्या मागून इग्निशनच्या वायरी ओढून काढल्या आणि गाडी वीसेक पावले ढकलत नेली. दूधवाल्याची चाहूल लागली असावी, कारण ती वळणावर साइड स्टँडवर तशीच सोडलेली मिळाली. किल्लीच्या भोकाभोवती स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते आणि हँडल लॉकची जीभ वाकून अर्धी तुटली होती. लॉकसेट मी बदलून घेतला आहे.

दुसरी गोष्ट अशी की महिन्यातून दोनदा आम्ही डबलसीट, दोन बॅगांसह, मुळशी-ताम्हिणीमार्गे माणगावजवळच्या गावी जातो. पौडच्या पुढे गतिरोधकांवर मागचे शॉकअप तळाला टेकून ‘ठण्’ असा आवाज येतो. घाटातील वळणांवर गाडी डोलते.

माझ्याकडे साधारण 15,000 रुपये आहेत. मागचे नवे गॅसचे शॉकअप, जीपीएस ट्रॅकर, बॅगांसाठी लोखंडी स्टे आणि धुक्यासाठी जादा दिवे असे सगळे मनात आहे, परंतु एवढ्यात ते बसणार नाही. सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना पाना

ताम्हिणीकर, आपल्या यादीतील एकही वस्तू घेण्यापूर्वी गाडीच्या हत्यारांतील आकड्याच्या आकाराचा पाना शोधून काढा, कारण मागच्या शॉकअपच्या प्रीलोडला, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाला, पाच खाचा असतात आणि त्या कधी फिरवल्याच गेल्या नसतील, असा माझा अंदाज आहे. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या दहांपैकी आठ गाड्या पहिल्या खाचेवरच असतात, मालक एकटा असो वा सहकुटुंब.

आधी मोजमाप करा. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंतचे अंतर टेपने मोजा. मग गाडी खाली उतरवून, दोघे बसून आणि बॅगा लावून, तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे ओझ्याने गाडी किती दबते, ते. आपल्या गाडीच्या मागच्या चाकाची वरखाली होण्याची एकूण चाल 80 मिलिमीटर आहे आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे 25 ते 30 मिलिमीटर, बसल्या बसल्या खर्च होणे योग्य समजावे. निम्मी चाल तिथेच संपत असेल, तर गतिरोधकासाठी काही उरतच नाही. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. गाडी फक्त उंच उभी राहते आणि चालीचा गमावलेला भाग परत मिळतो. पाचव्या खाचेवरही आकडा खाली येत नसेल, तरच स्प्रिंग बदलण्याचा विचार करावा.

कुलपाचे म्हणाल तर हँडल लॉक हे कुलूप नव्हेच, तो केवळ उशीर करण्याचा उपाय आहे, आणि तोही किती क्षणांचा, हे आपण पाहिलेच आहे. पक्क्या पोलादाची जाड साखळी घ्या आणि ती मागच्या चाकातून, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) आतून, विजेच्या खांबाला किंवा कुंपणाच्या पुरलेल्या खांबाला बांधा. पुढच्या चाकात बांधलेली साखळी फारशी उपयोगाची नाही, कारण चाक सोडवून उरलेली गाडी टेम्पोत चढवता येते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीचा आधार मिळाला की कटरवर सगळे वजन टाकता येते किंवा घणाचे घाव घालता येतात. हातात साधने आणि वेळ असलेल्या चोराला काहीही अडवत नाही, पण आपल्याकडे आलेला दूधवाल्याला घाबरला, म्हणजे तो त्या जातीचा नव्हता.

शनिवारवाले

माझी गाडी चोरीला गेली होती आणि ती मिळाली नाही, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. आपल्या गाडीच्या विम्याचा कागद आजच काढून पाहा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा, विमा सक्तीचा झाला, त्यामुळे त्या सुमाराच्या अनेक मालकांचा असा समज झाला की पाच वर्षांची चिंता मिटली. प्रत्यक्षात स्वतःच्या गाडीचे नुकसान व चोरी ज्यात येते, तो भाग अनेकांच्या बाबतीत पहिल्याच वर्षी संपला आणि त्यांना ते कळलेच नाही. थर्ड पार्टीतून चोरीचा एक रुपयाही मिळत नाही.

पूर्ण विमा असेल तर पुढील मुद्दा असा की आपण लॉकसेट बदलला आहे. त्याचे बिल जपून ठेवा आणि चोरीच्या प्रयत्नाची पोलिसांत लेखी नोंद करून तिची प्रत घ्या. दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि किल्ल्या जुळत नाहीत असे दिसले की पत्रव्यवहार सुरू होतो. माझी एक किल्ली हरवलेली होती. तेवढ्या एका किल्लीपायी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि तीन हेलपाटे झाले. तपास थांबल्यावर पोलिसांकडून ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा परंतु आरोपी सापडला नाही असा निर्वाळा, मिळेपर्यंत कित्येक महिने गेले, कारण त्यावर न्यायालयाची मंजुरी लागते.

गाडी गेलीच तर त्याच दिवशी गुन्हा नोंदवा आणि विमा कंपनीलाही लगेच कळवा. पोलिसांत वेळेवर तक्रार झालेली असताना केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून चोरीचा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. पण तो आधार अडचणीच्या वेळचा, त्यावर विसंबून ढिलाई करू नये. शिवाय जे सामान जोडाल ते पॉलिसीत नोंदवा, कारण नोंद नसल्यामुळे माझ्या स्टेचे, पेट्यांचे आणि दिव्यांचे पैसे बुडाले.

चौथा गिअर

जुना पाना यांच्या मोजमापाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी अर्धाच. इतक्या वर्षांच्या वापरानंतर खाचा फिरवून भागेलच असे नाही, कारण गाडी डोलते ती स्प्रिंगमुळे नव्हे, तर शॉकअपमधील तेलाचा झुलणे आवरणारा रोध, म्हणजे डॅम्पिंग, संपल्यामुळे. मागची सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर डॅम्पिंग गेले. दांड्यावर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर चाचणीचीही गरज नाही. बदलताना मूळ लांबीचेच शॉकअप घ्या, कारण उंच बसवले तर मुख्य स्टँडवर गाडी डुगडुगते आणि चेनचा ताणही बदलतो. बाजूला सोनेरी डबा लावलेल्या स्वस्त जोड्यांपासून सावध राहा. असा एक डबा मी हौसेने कापून पाहिला होता, आत वायूही नव्हता आणि तेलही नव्हते. पुढच्या फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे) तेल व ऑइल सील मात्र आताच बदलून घ्या. हा खर्च थोडा आहे आणि ब्रेक लावताना होणारा फरक हाताला लगेच जाणवतो.

ट्रॅकरविषयी एक हिशेब सांगतो. विश्रांतीतही 20 मिलिअँपिअर खेचणारे यंत्र दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास बॅटरी खाते, तेव्हा महिनाभर गाडी उभी राहिली तर बॅटरीची वाट लागते. विकत घेण्यापूर्वी हा आकडा विचारा. यंत्र साइड बॉक्समध्ये ठेवू नका, तिथे चोर सर्वांत आधी हात घालतो. जादा दिव्यांसाठी रिले (बॅटरीकडून थेट वीज देणारा वेगळा स्विच) आणि फ्यूज हवाच, हेडलाइटच्या वायरीला जोड मारू नये.

ताम्हिणीकर

सर्वांचे आभार. रविवारी शेजाऱ्यांच्या मदतीने मोजले. शॉकअप खरोखरच पहिल्या खाचेवर होते. पाना लागेना, तेव्हा गंजलेल्या कड्यावर तेल सोडून तासभर थांबावे लागले. दोघे आणि बॅगा धरून पहिल्या खाचेवर गाडी 39 मिलिमीटर दबत होती, पाचव्यावर 30 दबते. सीट दाबून सोडल्यावर मात्र ती दोनदा झुलते आणि डाव्या दांड्यावर तेलाचा पट्टाही आहे, म्हणजे आपणा दोघांचेही बरोबर ठरले.

विम्याचा कागद काढला तेव्हा शनिवारवाले यांनी लिहिले तेच निघाले. 2019 च्या डिसेंबरपासून माझ्याकडे निव्वळ थर्ड पार्टी आहे आणि चोरी झाली असती तर हातात काहीच आले नसते. कंपनीचा माणूस गाडी पाहून गेला आहे. पाच वर्षांहून जुनी गाडी असल्याने तिची विम्याची किंमत परस्परसंमतीने ठरायची आहे, त्यावर बोलणे चालू आहे. तेव्हा आता क्रम असा ठरवला आहे: पूर्ण विमा, साखळी, फोर्कचे तेल आणि मूळ लांबीची शॉकअपची जोडी. दिवे आणि स्टे दिवाळीनंतर पाहू, तोवर बॅगा पाठीवर. पोलीस चौकीत अर्जही दिला आणि पोच घेतली.

एक शंका उरली. आमच्या रस्त्यावर विजेचा खांब गाडीपासून हातभर दूर पडतो, मग साखळी पाच फुटी पुरेल की सहा फुटी घ्यावी?

जुना पाना

सहा फुटी घ्या, आणि उरलेला भाग लोंबत न ठेवता सीटखालच्या नळीला एक वेढा देऊन वर उचलून ठेवा. साखळीवर कापडी किंवा रबरी आवरण असावे, नाहीतर स्विंगआर्मचा रंग महिन्याभरात निघेल. कुलपाचे तोंड जमिनीकडे ठेवा, पावसाळ्यात त्यात पाणी साचत नाही.